दुकान, यंत्र आणि दारातल्या खुंट्या यांची व्यवस्था

मी, गहिनीनाथ बन्सी ढोकणे, वय बाहत्तर, धंदा लोखंडी सुटे भाग कडक करून देणे, राहणार राहुरी, जिल्हा अहिल्यानगर (तोंडातून अजून नगरच येते, त्याला इलाज नाही), माझ्या मागे कोणाला काय मिळावे हे आज राजीखुशीने लिहून ठेवतो. मला कोणी दम दिलेला नाही की गोड बोलून घोळात घेतलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. त्याची खात्री डॉक्टरांनी करून घेतली. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि तुमच्या गाडीच्या पुढच्या चाकात बेअरिंग वाजतेय हेही सांगितले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता. तो बरा होता, पण वाचून कोणी मेले आहे एवढेच कळत होते, कोण मेले ते कळत नव्हते. म्हणून कलमे त्यांची आणि मजकूर माझा असे ठरले. मजकूर लांबला तर दोष त्यांना देऊ नये.

कलम एक. माझी माणसे. पत्नी मनकर्णा. मुलगा संदीप. संदीपची बायको, म्हणजे माझी सून, भारती. आणि थोरली बहीण रंगुबाई, जिला मी आक्का म्हणतो, राहणार खर्डा, तालुका जामखेड. आक्का गेली तीन वर्षे माझ्या घरचे पाणी पीत नाही. माझे दुकान माझ्या मागे भारतीकडे जावे अशी माझी इच्छा आहे, आणि तसे झाले तर भावकी गोळा करून तंटा करीन असे आक्काने सांगून ठेवले आहे. हे मृत्युपत्र लिहायला मी बसलो तो यासाठी. तब्येतीला काही झालेले नाही, उगाच कोणी फळे घेऊन येऊ नये.

कलम दोन. राहते घर मनकर्णा आहे तोवर तिचे. तिने त्यात कोणाला ठेवावे, कोणाला हाकलावे, हा तिचा अधिकार, जो ती आजही बजावतेच. तिच्यानंतर घर संदीप व भारती या दोघांचे. पोस्टातली व बँकेतली शिल्लक मनकर्णाची. ओट्यावरची लोखंडी खुर्ची मात्र हलवू नये. ती मी स्वतः जोडलेली आहे आणि तिचा एक पाय ओट्याच्या उतारासाठी मुद्दाम आखूड ठेवलेला आहे. दुसरीकडे नेली तर बसणारा पडेल आणि नाव माझे खराब होईल.

कलम तीन. मुळा धरणाच्या कालव्याखालची जमीन. ती वडिलार्जित आहे, तिच्याबद्दल तुम्हाला मनाला येईल ते लिहिता येत नाही, असे वकीलसाहेब म्हणतात. बरे. मग एवढेच लिहितो की संदीपने तिथे पर्यटकांसाठी तंबू लावू नयेत. त्याचे तंबू भंडारदऱ्याला चांगले चालतात, तिथेच राहू द्यावेत. भारतीचे माहेर अकोले तालुक्यातले, भंडारदऱ्याच्या धरणाजवळ. लग्नानंतर सून तिकडून इकडे आली आणि मुलगा दर शुक्रवारी इकडून तिकडे जाऊ लागला, सासऱ्याच्या माळावर पाहुण्यांना चुलीवरचे जेवण घालायला. मला वाटते व्याह्यांनी अदलाबदल करून माझा फायदाच केला.

कलम चार. दुकान. नाव ‘ढोकणे हार्डनिंग वर्क्स’, नगर-मनमाड रस्त्याला लागून. ही जागा, इंडक्शनचे यंत्र, पाण्याच्या टाक्या, भट्टी आणि भिंतीवरच्या सगळ्या कॉइली ही माझ्या कष्टाची मिळकत आहे. त्यात वडिलार्जित काहीच नाही, एक फक्त शंका सोडून. ती अशी.

हे यंत्र मी पुण्याच्या एका कारखान्यातून जुने विकत आणले तेव्हा आमचे दादा, म्हणजे माझे वडील बन्सी, हयात होते. ते शेतातून थेट बघायला आले. आमचे काम असे असते: तांब्याच्या पोकळ नळीला वेटोळे देऊन कॉइल करायची. नळीच्या आतून थंड पाणी वाहते आणि तांब्यातून वीज. त्या वेटोळ्याच्या मधोमध उसाच्या ट्रॉलीची पिन धरायची, कुठेही टेकू न देता. वीज सोडली की चुंबकाचा जोर पिनीत शिरतो आणि पिनीची नुसती साल बघता बघता लाल होते. लगेच पाण्याचा फवारा मारायचा. साल कडक होते, गाभा नरम राहतो. सगळीच पिन कडक केली तर ट्रॉलीच्या पहिल्या हिसक्याला तुटायची, आणि सगळीच नरम ठेवली तर हंगाम संपेपर्यंत झिजून निम्मी व्हायची.

दादांनी यंत्राला एक चक्कर मारली.

“नाथा, जाळ कुठंय रं?”

“जाळ न्हाई, दादा.”

“आन धूर?”

“धूर बी न्हाई.”

“मंग हे लाल कशानं झालं?”

मी चुंबकाचे सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, खिशातून बिडी काढली, सांडशीत धरलेल्या लाल पिनीला टेकवली आणि झुरका घेतला. मग म्हणाले, “बिडी पेटली. म्हंजी खरं हाय.” त्यानंतर गावात कोणीही पाहुणा आला की दादा त्याला बिडी पेटवायला माझ्या दुकानात आणत. त्या पिना मला पुन्हा कडक कराव्या लागत. दादांनी दिलेली मिळकत म्हणायची तर ही.

कलम पाच. दुकानाच्या दारातल्या लाकडी खुंट्या. यांची हकीकत लिहिणे भाग आहे, कारण पुढचा सगळा तंटा त्यांच्यावरच टांगलेला आहे.

मनकर्णाचा भाऊ भागवत एकदा दुकान बघायला आला. त्याच्या बोटात पोवळ्याची सोन्याची अंगठी होती, मेहुणा म्हणून मीच घातलेली. यंत्र चालू असताना त्याने कॉइलीत बोट घालून विचारले, “दाजी, हे काय?” पुढचे उत्तर मला द्यावे लागले नाही. चुंबकाला पिन आणि अंगठी यांतला फरक कळत नाही. भागवत नाचत नाचत पाण्याच्या टाकीपर्यंत गेला आणि खांद्यापर्यंत हात बुडवून बसला. बोट बरे झाले. अंगठी तेव्हापासून लहान झाली असे तो अजूनही चारचौघांत सांगतो. ती लहान झालेली नाही, तो जाड झाला आहे. हे मी हयात असताना बोललो नाही, आता लिहून ठेवतो. भागवतला माझे चामडी हातमोजे द्यावेत.

त्याच दिवशी मी दारात खुंट्या ठोकल्या आणि नियम केला: अंगठी, कडे, घड्याळ, गळ्यातली चेन, जे काही धातूचे असेल ते खुंटीवर, मगच माणूस आत. आमदाराचा माणूस असो नाहीतर माझा व्याही, नियमात सूट नाही. लोक चपला काढतात तसे आमच्याकडे अंगठ्या काढतात. प्रत्येकाची खुंटी ठरलेली आहे.

कलम सहा. वर लिहिलेले संपूर्ण दुकान मी माझी सून सौ. भारती संदीप ढोकणे हिला एकटीला देतो. संदीपला यात वाटा नाही, आणि त्याला तो नको आहे. “अप्पा, मला त्या आवाजात डुलकी लागते,” असे त्याने मला स्वच्छ सांगितले आहे. यंत्रासमोर डुलकी घेणाऱ्याला यंत्र देणे म्हणजे दुसरा भागवत तयार करणे.

भारती लग्नानंतर माझा डबा घेऊन यायची. डबा ठेवून लगेच निघायच्या ऐवजी दारात उभी राहायची. त्या हंगामात एका नव्या पिनीने मला जेरीस आणले होते. तिला मध्ये कॉलर, म्हणजे जाड पट्टा, होती, आणि कॉलरीच्या कडेला दर वेळी बारीक तडा जात होता. मी लोखंड विकणाऱ्याला शिव्या देत होतो. तेव्हा मागून आवाज आला, “अप्पा, भाकरीची कड आधी करपती ना, तशी ही कड आधी तापतीया. तिथं नळी जरा लांब घ्या की.” मी आधी डबा खाल्ला, कारण असे काही ऐकल्यावर माणसाला थोडा वेळ लागतो. मग नळी कडेपासून लांब घेतली. तडा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी डबा ठेवून ती म्हणाली, “मला शिकवा.” मी म्हणालो, “खुंटी बघ.” तिने बांगड्या काढल्या, जोडवी काढली आणि मग गळ्याला हात लावून माझ्याकडे पाहिले. मंगळसूत्र पुढे लोंबते, वाकताना नेमके कॉइलीवर येते. त्या दिवशी मनकर्णाही डब्यासोबत आली होती. तिनेच पुढे होऊन ते सुनेच्या गळ्यातून काढले आणि खुंटीला अडकवले. म्हणाली, “सांजंला घाल. गळा भाजून घेन्यापरीस बरं.” तेव्हापासून रोज सकाळी ते खुंटीवर जाते आणि रोज दिवेलागणीला परत गळ्यात येते. भारतीच्या हातच्या कॉइली आता भिंतीवर माझ्यापेक्षा जास्त आहेत. मला तिचा अभिमान वाटतो. हे तिला तोंडावर सांगायला मला जमत नाही, म्हणून सरकारी कागदावर लिहितो.

कलम सात. आक्काचा राग. तीन वर्षांपूर्वी हुरड्याच्या दिवसांत आक्का खर्ड्याहून न कळवता आली. हुरड्याची पिशवी घेऊन ती घरी न जाता आधी दुकानात आली, कारण एस.टी. दारातच थांबते. मी तांब्याची नळी आणायला बाजारात गेलेलो. संदीप भंडारदऱ्याला. आत पंपांचा आवाज, वाफ, आणि भारती पाठमोरी, गळा मोकळा, वाफेने पाणावलेले डोळे पदराने पुसतेय. आक्काने आधी तिला पाहिले, मग दारातल्या खुंटीवरचे मंगळसूत्र पाहिले.

“आरं माझ्या संदीपाऽ! कसा गेलास रं सोन्या!” तिने हंबरडा फोडला आणि उंबऱ्यावर बसकण मारली.

समोरच्या ट्रॅक्टर गॅरेजवाला गोरक्ष धावत आला. आक्का रडतेय, खुंटीवर मंगळसूत्र आहे, हे पाहून त्याने टोपी काढली आणि आपल्या गॅरेजचे शटर अर्धे ओढले. पिना घ्यायला आलेले ट्रॅक्टरवाले खाली मान घालून रांगेत बसले. गोरक्षनेच खर्ड्याला फोन केला. मी नळी घेऊन आलो तर दारात ही गर्दी. आक्काने माझ्या गळ्यात मिठी मारली. कोण गेले हे मी विचारलेसुद्धा नाही. आक्का रडतेय म्हटल्यावर मीही रडायला लागलो. लहानपणापासून आमचे असेच आहे.

एवढ्यात मोटारसायकलवर तांदळाची गोणी बांधून संदीप आला. सगळे रडताहेत बघून त्याने गाडी हळूच लावली, गोरक्षच्या शेजारी जाऊन बसला आणि दबक्या आवाजात विचारले, “कोन गेलं?”

गोरक्ष वर न बघता म्हणाला, “तू.”

त्यानंतर जो हशा झाला तो राहुरीच्या बाजारात अजून चालू आहे. दुपार कलताना खर्ड्याहून माणसांनी भरलेला टेम्पो आला. रडत आलेली माणसे संदीपने पिठले-भाकरी आणि तोच हुरडा खाऊ घालून हसत परत पाठवली. फक्त आक्का हसली नाही. भारतीने वाकून नमस्कार केला, सगळे समजावून सांगितले. आक्का म्हणाली, “नवरा जित्ता असताना मंगळसूत्र खुटीला टांगती, आन मला येडी ठरवती व्हय? जवर ते खुटीवर हाय, तवर तुज्या घरचं पानी मला वर्ज, नाथा. आन असल्या सुनंला दुकान दिलंस तर बघच.” ती त्याच टेम्पोत बसून गेली.

मला राग आला होता. मनकर्णानेच तो उतरवला. ती म्हणाली, “तुमाला हसू आलं. वन्संनी ते गळ्यातून उतरताना एकदाच पाहिलंय, आन ते त्यांच्याच गळ्यातलं हुतं.”

मी त्या दिवशी खर्ड्यात होतो. आक्काचे मालक विहिरीच्या कामावर असताना वारले तेव्हा तिची पंचविशी नुकती उलटली होती. अंगणात बायकांनी तिला धरून बसवले आणि तिच्या गळ्यातले काढले. तिने स्वतः काढले नाही, तिला कोणी विचारलेही नाही, आणि ते परत कधी तिला मिळाले नाही.  आक्का, तू त्या दिवशी दुकानाच्या उंबऱ्यावर काय पाहिलेस ते मला कळते. पण भारतीचे मंगळसूत्र तू फक्त उतरलेले पाहिलेस. संध्याकाळ व्हायच्या आत तू टेम्पोत बसलीस. मला तुझी फार आठवण येते. हुरडा तर गोड लागतच नाही.

कलम आठ. किरकोळ. माझी अंत्ययात्रा हंगामात निघाली तर दुकान एका दिवसापेक्षा जास्त बंद ठेवू नये. ऊस रस्त्यात वाळतो आणि मयताला शिव्या बसतात. माझ्यासाठी रडायचे असेल त्याने आधी घरी येऊन मी खरोखर गेलो आहे याची खात्री करून घ्यावी. खर्ड्याला फोन करण्याचे काम गोरक्षकडे देऊ नये.

कलम नऊ. साक्षीदार. पहिला साक्षीदार गोरक्ष. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये असा वकीलसाहेबांचा सल्ला आहे, म्हणून गोरक्षला काही नाही. माझा मोठा पाना त्याच्याकडेच आहे, पण तो मी दिलेला नाही, त्याने नेलेला आहे. त्याने तो ठेवावा.

दुसरी साक्षीदार म्हणून मी आक्काला बोलावले आहे. म्हणून तिलाही यात काही नाही. दारातल्या रांगेत पहिली खुंटी कित्येक वर्षे रिकामी आहे, तिथे कोणी काही टांगत नाही. ती मी आक्काला देत नाही. ती ठोकली तेव्हापासून तिचीच आहे, आक्का अजून कधी आत आली नाही एवढेच.

आक्का आली नाही तर तिच्या जागी दुसऱ्या कोणाची सही घेऊ नये. वकीलसाहेब म्हणाले, एका साक्षीदारावर हा कागद टिकणार नाही, सुनेचे नुकसान होईल. मनकर्णाने माझी अक्कल काढली. भारती मात्र म्हणाली, “ऱ्हाऊ द्या अप्पा. आत्याबाईंची सही नसंल तर दुकान घेऊन मी काय रोज भांडत बसू?” तेव्हा ठरले. आक्काने सही केली तर तंटा राहत नाही, आणि नाही केली तर दहा साक्षीदारांनी तो मिटणार नाही.

सहीपूर्वीची नोंद, माझ्या हाताने. आज सकाळी अकराच्या एस.टी.ने आक्का आली. सोबत स्वतःची पाण्याची बाटली. सही दुकानातच करायची असे ठरले होते. गोरक्षने वरचा सगळा मजकूर तिला वाचून दाखवला. कलम सात वाचताना तो अडखळला, तेव्हा आक्का म्हणाली, “वाच की. मला ठावं हाय त्यात काय हाय.” वाचून झाल्यावर मी पेन पुढे केले. तिने ते घेतले नाही.

“सही मागून. आधी मला बघू दे ही कशी काम करती ते.”

ती दारापाशी आली. पहिली खुंटी रिकामी होती. तिने हातातले चांदीचे कडे ओढून पाहिले. निघेना. मनकर्णाने साबण आणला, दोघी नणंद-भावजया बराच वेळ त्या कड्याशी झटल्या, आणि शेवटी ते निघाले तेव्हा आक्काने स्वतःच्या हाताने खुंटीवर टांगले. मग आत जाऊन स्टुलावर बसली ती दिवसभर. पिना लाल झाल्या की “आगं बया” म्हणे आणि पाणी पडले की पदर तोंडाला लावे. वकीलसाहेब दोनदा येऊन परत गेले.

दिवेलागणीला भारतीने यंत्र बंद केले, हात धुतले आणि दाराशी आली. आक्का तिच्या आधी तिथे पोचली होती. मंगळसूत्र तिने खुंटीवरून काढून हातात घेतले होते आणि तशीच उभी होती.

“मी घातलं तर चालंल का गं तुला?” ती म्हणाली. “माजा हात असला...”

 भारतीने पाठ केली, वेणी पुढे घेतली आणि मान वाकवली.

आक्काला फासा लागेना. कोणी मदतीला गेले नाही. फासा लागल्यावर तिने भारतीचा पदर नीट केला, तिला आपल्याकडे वळवून गळ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “मला वाटायचं, येकदा उतरलं की उतरलंच.” मग बाटली खिडकीत ठेवून दिली आणि स्टुलावर बसली.

“पानी आन गं सूनबाई. मंग सही करती.”

वरील मजकूर मी वाचला, साक्षीदारांनी ऐकला, आणि दोघांसमोर मी खाली सही केली. माझ्या सहीनंतर त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

लिहून ठेवणार: गहिनीनाथ बन्सी ढोकणे (सही)

साक्षीदार १: गोरक्ष, ट्रॅक्टर गॅरेज, राहुरी (सही)

साक्षीदार २: रंगुबाई, राहणार खर्डा, तालुका जामखेड, सध्या मुक्काम भावाच्या घरी (सही)

ठिकाण: ढोकणे हार्डनिंग वर्क्स, राहुरी
दिनांक: बुधवार, १० डिसेंबर २०२५